स्वमग्न मूल मोठें होतांना

"आमच्यामागें ह्याचें कसें होईल?" ज्या घरांत स्वमग्न मूल आहे त्या घरांतील आईबापांस हा प्रश्न सुटत नाहीं. चारचौघांत तो क्वचितच बोलून दाखविला जातो. बहुधा रात्रीं दिवा मालवल्यावर ज्याचा त्यानें मनाशींच केलेला असतो. इतर मुलांविषयींची काळजी मूल मोठें होत जातें तसतशी उणावत जाते. मुलगा शाळा संपवितो, कोठें तरी नोकरीस लागतो, मुलगी आपल्या पायांवर उभी राहते, आणि आईबाप सुटकेचा श्वास टाकतात. स्वमग्न मुलाच्या घरीं ह्याच्या उलट घडतें. चार वर्षांचें मूल आगगाडीच्या डब्यांत हात फडफडवूं लागलें तर शेजारचा उतारू हंसतो व कौतुकानें पाहतो. तोच मुलगा वीस वर्षांचा होऊन तेंच करूं लागला म्हणजे लोक बाकावरून उठून जातात. मुलाचें वय वाढतें तशी लोकांची सहनशीलता आटत जाते, आणि म्हणून ज्या वयांत इतर माता मुलांचे हात सोडतात त्याच वयांत ही माता आपल्या मुलाचा हात अधिकच घट्ट धरते. तो हात सैल करणें शक्य आहे काय, आणि असल्यास तें कसें घडतें, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण ह्या शब्दानेंच पुष्कळांची दिशाभूल होते. स्वमग्न म्हणजे आपल्याच विचारांत गढलेला, असा शब्दश: अर्थ घेऊन हीं मुलें मुद्दाम जगाकडे पाठ फिरवून बसलीं आहेत असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. स्वमग्नता हा संसर्गानें होणारा रोग नव्हे, वेडहि नव्हे. जन्मापूर्वींपासूनच मेंदूची घडण कांहींशी निराळी होत गेल्यामुळें दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव, बोलण्यांतील खोंच, थट्टा, आडवळणानें दिलेली सूचना ह्या गोष्टी अशा मुलास आपोआप उमगत नाहींत. इतर मुलें ज्या गोष्टी न शिकवितां उचलतात त्या ह्याला एकेक करून शिकाव्या लागतात. नेहमींचा क्रम मोडला कीं तो कासावीस होतो. कुकरची शिटी, मिरवणुकीचा ढोल, नव्या सदऱ्याची खरखरीत शिवण हीं आपणांस क्षुल्लक वाटतात. त्याला तीं असह्य होतात. कोणी मुळींच बोलत नाहीं, कोणी अस्खलित बोलतो पण एकाच विषयावर बोलतो. कोणाची बुद्धि तीव्र असते, कोणाला साधा हिशेबहि जमत नाहीं. एक स्वमग्न मूल पाहिलें म्हणजे सर्व पाहिलीं असें मुळींच नाहीं. ह्या घडणींत आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. लस टोचल्यामुळें मूल स्वमग्न होतें हा समज शास्त्रीय तपासांत पूर्णपणें खोटा ठरलेला आहे.

आईबापांच्या वागणुकीमुळें मूल असें होतें हा समजहि तितकाच खोटा. परंतु तो फार काळ टिकला व त्यानें फार अनर्थ केला. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनीं ११ मुलांचीं वर्णनें एका निबंधांत प्रसिद्ध करून ह्या अवस्थेस नांव दिलें. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स आस्परगर ह्यांनीं अशाच प्रकारच्या मुलांविषयीं लिहिलें. परंतु नंतरच्या काळांत, आईचें प्रेम थंड पडल्यामुळें मूल असें होतें, ही कल्पना वैद्यकवर्गांत बळावली. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वत: एका स्वमग्न मुलाचे पिते. त्यांनीं १९६४ सालीं पुस्तक लिहून ह्या कल्पनेचें खंडन केलें; तरीहि १९६७ सालीं ब्रूनो बेटेलहाइम ह्यांच्या ग्रंथानें ती पुन्हां लोकप्रिय केली. हा इतिहास येथें सांगण्याचें कारण असें कीं, त्याचे पडसाद आपल्याकडेहि ऐकूं येतात. "तूं नोकरीला जात होतीस म्हणून असें झालें" हें वाक्य कित्येक मातांनीं आपल्याच नातलगांकडून ऐकलेलें आहे. ज्या आईला जगानें दोषी ठरविलें ती जन्मभर प्रायश्चित्त घेतल्यासारखी मुलाभोंवतीं वावरूं लागली तर त्यांत नवल काय? हात सुटत नाहीं ह्याच्या मुळाशीं प्रेम असतें हें खरें, पण पुष्कळदां हा निराधार अपराधहि असतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं कॅनरसाहेबांच्या निबंधाचा उल्लेख केला तिच्याकडे वळूं. त्या ११ मुलांपैकीं पहिलें मूल म्हणजे डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याचा जन्म १९३३ सालीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी संस्थानांत फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवीं झाला. बाप वकील, आई शिक्षिका, आजोळची मंडळी गांवांतील पेढीचे मालक; एकंदरींत घर सुखवस्तु. डोनाल्ड चार वर्षांचा होण्यापूर्वींच, १९३७ सालीं, वैद्यांच्या सल्ल्यावरून आईबापांनीं त्याला घरापासून दूर, क्षयाची भीति असलेल्या मुलांसाठीं चालविलेल्या एका संस्थेंत ठेविलें. महिन्यांतून दोनदां भेटण्याची परवानगी होती. सुमारें एक वर्ष तो तेथें राहिला. त्याला तसाच राहूं द्या असें संस्थेच्या प्रमुखांचें मत होतें, तें न मानतां १९३८ सालीं आईबापांनीं त्याला परत आणिलें. नंतर वडिलांनीं मुलाचें सर्व वर्तन टंकलिखित ३३ पृष्ठांच्या पत्रांत कॅनर ह्यांस कळविलें, व त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत ते मुलाला घेऊन बाल्टिमोरला गेले.

हा सोडण्याचा पहिला प्रकार झाला. मुलाला दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचें आणि आपण विसरण्याचा प्रयत्न करावयाचा, ह्याला आपल्या भाषेंत टाकून देणें म्हणतात. त्या काळचे वैद्य तोच सल्ला देत, आणि तोहि हितबुद्धीनें देत. परंतु पुढें १९७१ सालीं कॅनर ह्यांनीं त्या ११ जणांचा मागोवा घेतला तेव्हां त्यांस दिसलें कीं, जीं मुलें सरकारी मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षें राहिलीं त्यांचे पूर्वींचे गुणहि तेथें लोपले. अशा संस्थेंतील प्रवेश म्हणजे जवळजवळ जन्मठेपच, असा कठोर निष्कर्ष त्यांनीं काढिला.

डोनाल्डला मात्र दुसऱ्यांदा सोडण्यांत आलें तें अगदीं निराळ्या रीतीनें. तो नऊ वर्षांचा असतां, १९४२ सालीं, आईबापांनीं त्याला घरापासून सुमारें १० मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेविलें. १९४५ सालच्या मे महिन्यांत कॅनर स्वत: त्या शेतावर गेले, आणि त्या साध्या माणसांचें शहाणपण पाहून थक्क झाले. डोनाल्डला मोजण्याचा व मापण्याचा नाद होता. शेतकऱ्यानें त्याला विहीर खणावयास लाविलें आणि ती किती खोल झाली तें सांगण्याचें काम त्याच्याकडे दिलें. तो मक्याच्या ओळी पुन:पुन्हां मोजीत बसे. त्याला सांगण्यांत आलें कीं, मोज, पण नांगरतां नांगरतां मोज. मेलेले पक्षी व किडे तो गोळा करी. त्याला शेताचा एक तुकडा दफनासाठीं देण्यांत आला, आणि प्रत्येक जागीं खूण लावावयास सांगितलें. कॅनर ह्यांच्या देखत त्या मुलानें सहा लांबच लांब तास नांगरले व घोडा सफाईनें वळविला. नाद मोडून काढण्याच्या भानगडींत न पडतां त्या नादालाच कामास जुंपण्याची ही युक्ति कोणत्याहि विद्यापीठांत शिकलेल्या माणसाची नव्हती. वर्गांत सारखा पेन्सिली मोजणारा एखादा मुलगा आपल्या हातीं आला असतां त्याच्याकडे पेन्सिलींच्या पेटीची जबाबदारी द्यावी हें आम्हां शिक्षकांपैकीं किती जणांस सुचेल, ह्याची मला शंकाच आहे. त्या खेड्यांतील शाळेनेंहि त्याचे विचित्र प्रकार गोड मानून घेतले.

ह्या ठिकाणीं आईबापांनीं काय केलें तें नीट पाहिलें पाहिजे. मूल घराबाहेर गेलें, पण १० मैलांवरच गेलें; ओळखीच्या माणसांकडे गेलें; त्याच्यासाठीं तेथें काम होतें आणि शाळाहि होती. आईनें हात सोडला, पण तो दुसऱ्या एका जाणत्या हातांत दिला. आपण कितीहि शिकविलें तरी कांहीं गोष्टी परक्या माणसाच्या घरींच शिकतां येतात, हें त्या आईनें पतकरलें असावें. नऊ वर्षांच्या मुलाविषयीं तें पतकरणें सोपें नसतें.

पुढें डोनाल्ड घरीं परतला व गांवच्या हायस्कुलांत जाऊं लागला. शाळेच्या इमारतीला विटा किती, असें सोबत्यांनीं विचारतांच त्यानें क्षणांत आंकडा सांगितला, आणि ही त्याची कीर्ति गांवांत कायम झाली. फार वर्षांनीं, म्हातारपणीं, त्यानें कबूल केलें कीं तो आंकडा त्यानें ठोकून दिला होता. मुलांनीं आपणास बरें म्हणावें एवढीच त्याची इच्छा होती. ज्यांना दुसऱ्यांची पर्वाच नसते अशी ज्यांची ख्याति, त्यांच्यापैकीं पहिल्याच मुलाची ही गोष्ट आहे! १९५८ सालीं तो पदवीधर झाला, गांवच्या पेढींत कारकून म्हणून लागला, २७ व्या वर्षीं मोटार चालवावयास शिकला, रोज गॉल्फ खेळूं लागला आणि पुढें एकट्यानें तिसांहून अधिक परदेश पाहून आला. १९७० सालीं त्याच्या आईनें कॅनर ह्यांस लिहिलेल्या पत्रांत हें समाधान व्यक्त झालें आहे. त्याच पत्रांत, ह्याच्या मनांत खरोखर काय चालतें तें मला कळतें तर बरें होतें, अशा आशयाचीहि एक ओळ आहे. मुलगा छत्तीस वर्षांचा झाला, स्वत:ची मोटार बाळगूं लागला, तरी तें दार तिला उघडलें नव्हतें. किंबहुना तें न उघडतांहि तिनें त्याला जाऊं दिलें. आईबाप वारल्यावर डोनाल्ड त्याच घरांत एकटा राहिला. कुटुंबानें पूर्वींच एक विश्वस्तनिधि करून ठेविला होता, त्यांतून त्याचा खर्च चाले. भाऊ जवळच होता. आणि सारें गांव त्याच्यावर नजर ठेवून होतें. त्याच्याविषयीं लिहूं इच्छिणारे वार्ताहर गांवांत आले तेव्हां, त्याला दुखवाल तर खबरदार, असा दम त्यांस गांवकऱ्यांनीं भरला. त्या गांवांतच, १५ जून २०२३ रोजीं, ८९ व्या वर्षीं तो वारला.

सर्वांच्या आजोळीं पेढी नसते, हें उघड आहे. शिवाय सर्व स्वमग्न मुलें डोनाल्डप्रमाणें पदवीधर होत नाहींत. त्या ११ पैकीं दोघांनाच पुढें नोकरी साधली. तेव्हां त्याची गोष्ट नमुना म्हणून घरोघर लागू करूं जाणें वेडेपणाचें होईल. तींतून घेण्यासारखी आहे ती रीत. आणि ती रीत लहान लहान गोष्टींपासून सुरू होते.

सदऱ्याच्या गुंड्यांचेंच उदाहरण घ्या. बाप पांच गुंड्या लावतो आणि शेवटची मुलासाठीं ठेवतो. ती जमली कीं दोन ठेवतो, मग तीन. प्रत्येक वेळीं काम पुरें करण्याचा मान मुलाचाच असतो, म्हणून तो कंटाळत नाहीं. ह्याच्या उलट, स्नानाच्या वेळीं आई जवळ उभी राहून "आतां पाणी घे, आतां साबण लाव" असें दहा वर्षें सांगत राहते, आणि अठराव्या वर्षीं मुलगा हातांत तांब्या धरून पुतळ्यासारखा उभा राहतो. त्याला येत नाहीं असें नव्हे. आईचा शब्द हीच त्या कामाची एक पायरी होऊन बसलेली असते, आणि ती पायरी आल्याखेरीज तो पुढें जात नाहीं. म्हणून जाणते शिक्षक सांगतात कीं, शब्द कमी करा. भिंतीवर चित्रें ओळीनें लावा, नुसतें बोट दाखवा, मग समोर उभें न राहतां मागें उभें राहा, मग दाराबाहेर. दाराबाहेर उभी असतांना आईला जो धीर धरावा लागतो तो मुलाच्या शिक्षणाहून कठीण असतो. आंत पाणी पडण्याचा आवाज थांबतो, मिनिटें जातात, आणि हांक मारण्यास आलेला शब्द ओठांतच ठेवावा लागतो.

प्रवासाचेंहि तसेंच आहे. क्रम पाळण्याची आवड असल्यामुळें रोजची गाडी अशा मुलास लौकर अंगवळणी पडते. बाप प्रथम बरोबर जातो, मग शेजारच्या डब्यांत बसतो, मग उतरण्याच्या स्टेशनावर नुसता वाट पाहतो. परंतु एके दिवशीं गाडी दुसऱ्याच फलाटावर येते आणि सारें कोसळतें. ह्याकरितां अडचणीहि शिकवाव्या लागतात: मुद्दाम एक गाडी चुकवावयाची, मुद्दाम निराळ्या फलाटावरून जावयाचें, खिशांतलें नांवपत्त्याचें कार्ड कोणाला दाखवावयाचें तें पाठ करून घ्यावयाचें. टेंपल ग्रँडिन ह्या स्वमग्न बाई पुढें अमेरिकेंत पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. त्या पंधरा वर्षांच्या असतां ॲरिझोनांतील गुरांच्या एका कुरणावर जाण्यास भीत होत्या. आईनें त्यांस दोन मार्ग दिले: आठवडाभर राहा किंवा सगळा उन्हाळा राहा. न जाणें हा तिसरा मार्ग ठेविलाच नाहीं. टेंपल सगळा उन्हाळा राहिल्या, आणि गुरांचें वेड त्यांस तेथेंच लागलें.

जीं मुलें कधींच बोलणार नाहींत, ज्यांना जन्मभर कोणाची तरी सोबत लागणार, त्यांच्याविषयीं हें सर्व व्यर्थ आहे काय? मला तसें वाटत नाहीं. दोन सदऱ्यांपैकीं एक बोटानें दाखविणें, ताटांतलें नको तें बाजूस सारणें, आईखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचें जेवणें, हेंहि मोठें होणेंच आहे. ह्यांत नको म्हणण्याला मी विशेष महत्त्व देतों. सांगितलें तें मुकाट्यानें करणाऱ्या मुलाची लहानपणीं वाहवा होते. पण ज्याला केवळ आज्ञापालनच शिकविलें तो दुष्ट मनुष्याचीहि आज्ञा पाळतो. मुलगी असो वा मुलगा, वयांत येण्यापूर्वींच आपल्या शरीराचा कोणता भाग खाजगी, कोणाला हात लावूं द्यावयाचा नाहीं, दार केव्हां लावावयाचें, हें स्पष्ट शब्दांत व चित्रांनीं शिकविलें पाहिजे. आणि ह्याची किंमत आईबापांनींहि द्यावयास हवी. ज्याला नको म्हणावयास शिकविलें तो एखादे दिवशीं आईलाहि नको म्हणेल, आणि तें ऐकलें पाहिजे.

कायद्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्या देशांत मूल १८ वर्षांचें झालें म्हणजे कायद्यानें तें सज्ञान होतें. मग बँकेंत किंवा कचेरींत आईबापांची सही आपोआप चालत नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें स्वमग्न प्रौढासाठीं पालक नेमण्याची सोय आहे. त्यासाठीं जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. ह्या समितींत जिल्हाधिकारी असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मात्र दृष्टि थोडी बदलली. त्यांतील मर्यादित पालकत्वाची कल्पना अशी कीं, पालकानें प्रौढाच्या वतीनें परस्पर निर्णय न घेतां त्याच्याशीं मिळून, परस्परविश्वासानें घ्यावा. व्यवहारांत हें कितपत उतरतें तें कचेऱ्यांत खेटे घालणारे आईबापच सांगूं शकतील. तथापि कागदावर तरी आतां मुलाला विचारा असें लिहिलेलें आहे.

राहतां राहिला भावाबहिणींचा प्रश्न. ताई आहेच, ती पाहील, असें बहुतेक घरांत न बोलतां ठरलेलें असतें, आणि ताईला मात्र कोणी विचारलेलें नसतें. तिला विचारावें, तिनें नाहीं म्हटलें तर रागावूं नये, आणि ती हो म्हणाली तरी सर्व भार एकटीवर टाकूं नये. मामा, आत्या, शेजारचे काका, वर्गांतील एखादा जुना सोबती, अशीं चार माणसें तरी मुलाच्या ओळखीचीं हवींत. त्यासाठीं आईबाप धडधाकट असतांनाच मुलानें कधीं एक रात्र मामाकडे काढावी, पुढें दोन काढाव्या. आई दवाखान्यांत किंवा स्मशानाच्या वाटेवर असतांना त्याची घराबाहेरची पहिली रात्र उजाडूं नये. पहिल्या खेपेस मामाकडे कोणी झोंपणार नाहीं हें गृहीत धरावें. बरोबर त्याची नेहमींची उशी व ताट द्यावें, आणि एक वहीहि द्यावी. तो काय खातो, कोणत्या आवाजानें बिथरतो, त्याचा कोणता शब्द कोणत्या गोष्टीसाठीं असतो, दुखत असल्यास तो कसें दाखवितो, हें सर्व तींत लिहावें व दर वर्षीं नवें करावें. मुलाला वाचतां येत असेल तर ती वही त्यालाहि दाखवावी. त्याच्याविषयीं कांहीं चुकीचें लिहिलें गेलें असेल तर तो तें खोडून टाकील.